शारजात बेदाण्याचं दुकान काढायचंय, पण आपण तिथले नागरिक नाही. कुणी केलंय का?

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर बाग. गेली चार वर्षं द्राक्षं बाजारात न पाठवता सगळा बेदाणाच करतो. शेड स्वतःची आहे. माल चांगला निघतो, पण सौद्यात उभं राहिलं की पोटात गोळा येतो. व्यापारी ताटलीतले चार मणी बोटांत दाबून बघणार, एक तोंडात टाकणार आणि वर्षभराच्या कष्टाचा भाव अर्ध्या मिनिटात सांगणार. तोच बेदाणा माझा मावसभाऊ शारजात पाकिटातनं विकत घेतो. किती पटीनं ते लिहीत नाही, नजर लागेल.

मावसभाऊ तिकडं एका गोदामात स्टोअरकीपर आहे, नऊ वर्षं झाली. त्याचं म्हणणं, एक छोटा गाळा घेऊ. बेदाणा, राजापुरी हळद, गूळ आणि काकवी इथनं मागवू, तिथं पाकिटं करू, किराणा दुकानांना देऊ आणि काउंटरवरही विकू. एजंट म्हणतो आठवड्यात लायसन्स काढून देतो. आता मला कळत नाही ते असं: लायसन्स माझ्या नावावर मिळतं का? की अजून तिथल्या अरबाला ५१ टक्के द्यावेच लागतात? मी वर्षातनं आठ महिने इथं बागेत, मग तिथं कोण उभं राहणार? आणि पैसे पाठवायचे कसे, साध्या बँकेतनं जातात का?

अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या बांधावर पेरायचं आणि कणसं मोडायला त्याची परवानगी मागायची. कर, तुझी हौस."

कृष्णामाईचा_लेक

रुमाल टाकून ठेवतो. माझा मेव्हणा पण हेच डोक्यात घेऊन बसलाय.

मिरचीभजी

इथं एमआयडीसीत गाळे रिकामे पडल्यात आणि तुमाला शारजा दिसतंय. आपल्या मुलखात, आपल्या माणसांत, आपल्या नावावर धंदा करा की. परमुलखात काय झालं तर कोण हाय तुमचं?

बागायतदार_तासगाव

मिरचीभजी, तुमचं पटतं पण. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरलं आणि हळद गेली ती आपल्याच मुलखात, आपल्याच नावावरची होती. अण्णांची पण त्यात होती थोडी. म्हणून मुलूख सोडून बोलू.

मूस_आणि_भट्टी

तासगावकर भाऊ, थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी विट्याजवळचा. आमच्याकडं बाहेर जाऊन धंदा करणं यात नवीन काही नाही. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधी खानापूर-आटपाडीच्या रानात काय पिकायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं घरटी एकजण तरी गलाईला. देशातला कुठलाही सराफकट्टा घ्या, सोनं-चांदी गाळायला आमच्याकडचा माणूस बसलेला सापडतोय. माझे थोरले चुलते सोळाव्या वर्षी तामिळनाडूत गेले. भाषेचा एक शब्द येत नव्हता. दिवाळीला गावी आले की त्यांची बोटं पिवळी असायची, नखांच्या कडेपर्यंत. लहानपणी मला वाटायचं, रोज सोन्यात हात घातला की असं होत असणार. तेजाबानं कातडी पिवळी पडते हे फार नंतर कळलं, ते पण माझीच पडली तेव्हा.

चुलत्यांनी तिथं घर बांधलं, पोरं तिथंच शिकली. ते बघून मला वाटलं, परगाव काय आणि परदेश काय, मूस तीच आणि भट्टी तीच. २०१३ ला अमिरातीत चांदीचं छोटं वर्कशॉप टाकलं. तिथं गेल्यावर फरक कळला. चुलते तामिळनाडूत परके होते, परदेशी नव्हते. दुकान नाही चाललं तर ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेठकडं कामाला बसू शकत होते. तू मालक का कामगार, असं कुणी विचारत नव्हतं. माझ्या पासपोर्टवर शिक्का होता आणि त्या शिक्क्यात मी कोण ते लिहिलेलं होतं. त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

तेव्हा ५१ टक्के तिथल्या नागरिकाच्या नावावर, ४९ माझे. बाजूला आणखी एक कागद, की खरं तर हे सगळं ह्याचंच आहे, मी फक्त वर्षाला ठरलेली रक्कम घेणार. म्हातारा भला माणूस होता, रमजानात खजूर पाठवायचा. तो वारला आणि मुलगा आला. मुलानं रक्कम तिप्पट सांगितली. मी तो बाजूचा कागद घेऊन वकिलाकडं गेलो. वकिलानं तो दोनदा वाचला, मला चहा पाजला आणि फी न घेता परत पाठवला. तेव्हाच समजलो.

भट्टी माझी, मुशी माझ्या, गिऱ्हाइकं माझी. परवान्यावर पहिलं नाव त्याचं. आणि गाळ्याचं भाडं तिकडं पुढच्या तारखांच्या चेकनं आगाऊ द्यायचं असतं, मी चार दिले होते. चेक वटला नाही तर त्या वेळी तो फौजदारी गुन्हा होता, कोठडी. धंदा गुंडाळायचं ठरवलं त्या महिन्यात मला झोप नव्हती. तोट्यामुळं नव्हे. चौथ्या चेकमुळं.

आता गावी आहे. बरं चाललंय. तुम्ही जाऊ नका असं म्हणत नाही. फक्त प्रत्येक कागदावर पहिलं नाव कुणाचं आहे ते आधी बघा, मग रंग कुठला लावायचा ते ठरवा.

जमाखर्च

मी सांगलीत सीए आहे. मूस दादांनी लिहिलंय ते खरं, पण ते जुन्या कायद्याचं आहे.

१ जून २०२१ पासून अमिरातीत मेनलँडवरही, म्हणजे फ्री झोन सोडून बाकीच्या मुलखात, बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाची शंभर टक्के मालकी चालते. काही मोजकी क्षेत्रं वगळली आहेत, किराणा त्यात नाही. फ्री झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या नियमांनी आखून दिलेल्या भागात, ती सोय आधीपासून होती, जेबेल अली तर १९८५ चं. तुमचा एजंट आठवड्यात म्हणतोय ते बहुतेक फ्री झोनचंच लायसन्स असणार. त्याला नीट विचारा, कारण फ्री झोनच्या लायसन्सवर शहरातल्या गल्लीत किराणा काउंटर उघडता येत नाही. काउंटर हवा असेल तर मेनलँड, आणि तेही त्याच अमिरातीचं. शारजाचं शारजाला, दुबईचं दुबईला. चेकचा कायदाही जानेवारी २०२२ पासून सैल झाला. खात्यात पैसे नसल्यानं चेक परत गेला तर आता मुख्यतः वसुलीची कारवाई होते. फसवणूक असेल तर गोष्ट वेगळी.

'तिकडं टॅक्स नाही' हे मात्र विसरा. व्हॅट २०१८ पासून ५ टक्के आहे, वर्षाची उलाढाल ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. नफ्यावर ३ लाख ७५ हजार दिरहमपर्यंत शून्य आणि त्यापुढे ९ टक्के, १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या हिशेबवर्षांपासून.

आता तुम्ही न विचारलेला भाग, आणि माझ्याकडं लोक रडत येतात ते याच भागासाठी. सगळे तिकडच्या कायद्याची चौकशी करतात, इकडचा कायदा कुणी विचारत नाही.

तुम्ही इथं राहता, म्हणजे फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) भाषेत निवासी. निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण मुलीच्या फीसाठी पाठवणं वेगळं आणि स्वतःच्या कंपनीत भांडवल घालणं वेगळं. दुसऱ्याला ओव्हरसीज डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट म्हणतात, त्याचे ऑगस्ट २०२२ चे नियम आहेत. आधी बँकेत फॉर्म एफसी, मग त्या कंपनीसाठी रिझर्व्ह बँकेचा युनिक नंबर, आणि मग पैसे. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यायचा. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे कंपनीच्या कामगिरीचा अहवाल. वर्षभरात एक खोकं विकलं नसलं तरी. तालुक्याच्या शाखेतल्या साहेबांनी हा फॉर्म आयुष्यात पाहिलेला नसतो, त्यामुळं फॉरेक्स करणाऱ्या शाखेत जा.

वर्षात १० लाखांच्या वर पाठवलंत तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर तुमची छाटणीची मजुरी त्यात अडकली. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायचं, तिकडची कंपनी आणि तिकडचं खातं दोन्ही दाखवायचं. न दाखवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख दंड. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. सूट दंडाला आहे, दाखवण्याला नाही.

कृष्णामाईचा_लेक

ताई, एक बाळबोध प्रश्न. मावसभाऊ तिकडं दिरहम भरेल आणि इकडं हे मावशीला रुपये देतील. घरातल्या घरात. मग कशाला हे सगळं?

जमाखर्च

तो हवालाच झाला. मावशी कितीही प्रेमळ असली तरी.

भजणी

मी मूळची मिरजेची, आता न्यू जर्सीत. हा धागा वाचून राहवलं नाही.

अण्णांचं ते कणसाचं वाक्य मी भरतकाम करून भिंतीला लावणार आहे. माझंच वर्णन आहे ते.

नवरा एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. पहिल्या दिवाळीला शेजारच्या चार मराठी घरांना चकल्या दिल्या, पुढच्या वर्षी तीस घरांतून विचारणा. कुणीतरी सांगितलं, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढ, नागरिकत्व लागत नाही. अगदी खरं होतं. ऑनलाइन अर्ज, फी, झाली कंपनी. शिक्का बनवला, लोगो बनवला, बँकेत खातं उघडलं. सासूबाईंनी कुंकू लावून सोऱ्या पाठवला. पितळी आहे, ताटलीतल्या चांदणीची एक पाकळी जरा वाकडी, त्यामुळं आमच्या चकलीला एका बाजूला काटा जास्त येतो. ओळखण्याची खूण म्हणून तोच काटा लोगोत घेतला होता.

मग एका वकिलाशी बोलले. ती म्हणाली, कंपनीची मालकीण तू आहेसच, कुणी नाकारत नाही. पण विकायची चकली तू तळायची नाहीस. हिशेब लिहायचे नाहीत, ऑर्डरचे फोन घ्यायचे नाहीत. ते काम झालं, आणि काम करायची परवानगी तुला नाही. मी विचारलं, पगार नाही घेतला तर? ती म्हणाली, पगाराचा प्रश्नच नाही, कामाचा आहे. कुणाला पगारी ठेव, नफा तू घे, ते चालेल. तीस घरांच्या चकल्यांसाठी पगारी माणूस!

अडीच वर्षं मी मालकीण होते आणि माझ्या कंपनीत हात घालायला मलाच बंदी होती. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर झाला तेव्हा मला ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना मिळाला. एच-४ वाल्यांना ही सोय २०१५ पासून आहे, तीही फक्त अशाच काहींना. आता तासावर भाड्यानं स्वयंपाकघर घेते, दोन बायका हाताखाली आहेत. ग्रीन कार्ड अजून रांगेतच. ते झालं की मग नागरिक नसतानाही धंदा करायला काही आडकाठी राहत नाही. गोम नागरिकत्वात नाही. तुम्ही कुठल्या शिक्क्यावर उभे आहात, त्यात आहे.

जाता जाता, इथं येऊन धंदा करणार म्हणणाऱ्यांसाठी: ई-२ नावाचा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळत नाही, आपल्या देशाचा तसा करारच नाही. यूट्यूबवर तो विकणारे बरेच आहेत.

विश्रामबाग_वायफाय

माझं उलटं. मी सांगलीतच बसलोय, कंपनी अमेरिकेत डेलावेअरला. गिऱ्हाईक तिकडचं, काम इथून, म्हणून व्हिसाचा प्रश्नच नाही. पण एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला दरवर्षी तिथल्या करखात्याकडं ५४७२ नावाचा फॉर्म भरावा लागतो, कमाई शून्य असली तरी. चुकला तर दंड २५ हजार डॉलर. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं, फॉर्म भरायच्या मुदतीला नऊ दिवस असताना. कंपनी काढून देणाऱ्यानं त्याच्या पॅकेजमध्ये मगसुद्धा दिला होता, एवढं एक वाक्य तेवढं दिलं नव्हतं.

अजिंक्यतारा_ते_आखेन

सातारकर, सध्या जर्मनी. शिकत असताना एका हॉटेलवाल्याला टेबल बुकिंगचं ॲप करून दिलं. तो म्हणाला बिल पाठव. बिल करायला बसलो आणि सहज माझं निवासकार्ड उलटं करून पाहिलं. सोबतच्या चिठ्ठीवर जर्मनमध्ये स्वच्छ लिहिलेलं: स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही. दोन वर्षं ते कार्ड पाकिटात घेऊन हिंडत होतो. पैसे सोडून दिले. त्यानं महिनाभर फुकट जेवायला घातलं, ते कुठल्या कलमात बसतं विचारलं नाही.

इथं लोक विचारतात भांडवल किती लागतं. जीएमबीएचला, म्हणजे इथल्या प्रायव्हेट लिमिटेडला, २५ हजार युरो, त्यातले साडेबारा हजार नोंदणीच्या वेळी. धाकटी बहीण यूजी, ती कागदोपत्री १ युरोत निघते. पण परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या कचेरीतल्या बाईंना तुमची कंपनी कितीची ते नको असतं, तुमच्या कार्डावर काय छापलंय ते हवं असतं. नोकरी लागल्यावर मालकाचं पत्र जोडून जोडधंद्याची परवानगी मागितली, मिळाली. वेळ गेला, पण रात्री झोप लागते.

स्मार्ट_सातारी

तुम्ही सगळे मिळून त्या बिचाऱ्याला घाबरवताय. माझ्या मित्रानं व्हॉट्सॲपवर कागद पाठवून तीन दिवसांत लायसन्स घेतलं. तासगावकर, सरळ मावसभावाच्या नावावर टाक. तो तिथं आहेच, रेसिडेंट आहे, विश्वासाचा आहे. तू माल पाठव. सिंपल.

मूस_आणि_भट्टी

स्मार्ट भाऊ, मावसभावाच्या मनाबद्दल कुणी शंका घेत नाही. मावसभावाच्या व्हिसाबद्दल घ्यावी लागते. तो तिथं राहतोय ते गोदामवाल्याच्या नोकरीवर. उद्या गोदामवाल्यानं काढलं तर मावसभाऊ ठरलेल्या मुदतीत दुसरी सोय लावणार नाहीतर तासगावला येणार, आणि दुकान? ज्याच्या नावावर तो विमानात.

शिवाय नोकरी एकीकडं आणि स्वतःचा धंदा दुसरीकडं म्हटलं की मालकाचा ना-हरकत दाखला आला. नोकरीच्या करारात काय लिहिलंय ते त्यानं वाचलंय का, हे आधी विचारा. नऊ वर्षांत वाचलेला नसणार, पैज लावतो.

कराडी_देरा

दादा, मी दुबईत देरात आहे, कराडचा. २०२२ ला फ्लेक्स आणि स्टिकर छपाईचं दुकान काढलं, शंभर टक्के माझ्या नावावर, स्वतःच्याच कंपनीचा इन्व्हेस्टर व्हिसा. म्हणजे होतं, होत नाही असं नाही. लायसन्स खरंच पटकन मिळालं. व्हिसाही मिळाला.

मी अडकलो बँकेत. अकरा आठवडे. धंदा सुरू करायला खातं हवं, आणि खातं उघडायला धंद्याची बिलं हवीत. भांडवल कुठनं आणलंत? म्हटलं, वडिलांनी ऊस आणि आल्यातनं साठवलेलं, त्यांनी बक्षीसपत्र केलंय. मग म्हणे शेतीचा पुरावा. सातबारा मागवला, इंग्रजी करून नोटरी केला. त्यात भाषांतरवाल्यानं 'पोटखराबा' शब्द तसाच ठेवलेला. समोरची बाई लेबनानची, फार गोड बोलायची. विचारते, हा मिस्टर पोटखराबा तुमचा भागीदार का? त्याचा पासपोर्ट लागेल.

हसू नका. लागवडीला न येणारी जमीन म्हणजे काय हे मी तिला कागदावर चित्र काढून समजावलं. ओढा काढला, बांध काढला. तिनं ते चित्र फाइलला लावून घेतलं. दुसऱ्या बँकेनं शेवटी खातं दिलं.

तासगावकर, तुमचं पण शेतीचंच उत्पन्न. ज्यांचं सगळं शेतीतनं येतं त्यांनी कर लागत नसला तरी चार वर्षांची रिटर्नं भरून ठेवावीत, सौदापट्ट्या जपाव्यात. तिकडं तोंडी कुणी ऐकत नाही.

जमाखर्च

मिस्टर पोटखराबा! दिवस सत्कारणी लागला. पण मुद्दा शंभर नंबरी आहे, सौदापट्ट्यांच्या फाइली करा.

योकोहामा_मार्गे_वाई

जपानची बातमी देऊन जातो. इथं बिझनेस मॅनेजर व्हिसाला भांडवलाची अट वर्षानुवर्षं ५० लाख येन होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती एकदम ३ कोटी येन झाली, वर एक पूर्णवेळ कर्मचारी सक्तीचा. माझ्या ओळखीच्या एका करीवाल्याचे पैसे जमून अर्ज तेवढा करायचा राहिला होता.

हळदपेठ

सगळे कागदावर बोलताय, मालावर कुणी बोलेना. माझी सांगलीच्या बाजारात अडत आहे, थोडी निर्यात करतो.

तासगावकर, तुम्हाला दुकान का पाहिजे? माल विकायला. मग आधी माल विकून बघा की. आयातदार तिथला, लायसन्स त्याचं, गाळा त्याचा, व्हॅट त्याचा. तुम्ही फक्त निर्यातदार. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, सरकारच्या डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत मिळतो. बेदाण्याला अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, नोंदणी, हळदीला मसाला मंडळाची. खाद्यपदार्थांचं एफएसएसएआय लायसन्स. झालं तुमचं परदेशात धंद्याचं पहिलं वर्ष, आणि झोपायला स्वतःच्या घरी. मे २०२२ पासून अमिरातीशी आपला व्यापार करार आहे, तिथली ५ टक्के जकात बऱ्याच मालावर कमी किंवा माफ होते. ओरिजिन सर्टिफिकेट मात्र त्या कराराचंच काढा, साधं काढलं तर सवलत गेली.

आणि तिकडं बेदाणा म्हणजे तुम्ही एकटे नाही. समुद्राच्या पलीकडं इराण आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे हे तिथल्या दुकानदाराला सांगून बघा, तो विचारेल किलोला किती. लेबल अरबीत लागतं. गंधकाची धुरी दिली असेल तर ते लेबलवर लिहावं लागतं आणि तपासणीत मर्यादेत बसावं लागतं. २०१० ला युरोपात आपली द्राक्षं एका औषधाच्या अंशापायी अडकली होती, तेव्हा कोण कोण रडलं ते तुमच्या गावातही आठवत असेल.

बागायतदार_तासगाव

सगळ्यांचे आभार. आमच्या गल्लीतलेच दोघं रडले होते.

मूस दादा, मावसभावाला विचारलं. करार वाचलेला नाही. पैज जिंकलात. आता पेटीतनं काढून वाचतोय म्हणतो, पण अर्धा अरबीत आहे.

ठरवलंय की आधी जाऊन बघून येतो.

बागायतदार_तासगाव

धागा वर काढतोय, पाच महिन्यांनी. खरड छाटणी उरकून जुलैत बारा दिवस जाऊन आलो, व्हिजिट व्हिसावर. जमाखर्च ताईंनी बजावलं होतं, दुकानदारांना भेटायचं, बोलायचं, काउंटरला हात लावायचा नाही. तसंच केलं. मावसभावाच्या गोदामात एक खोकं उचलायला हात पुढं गेला होता, त्यानंच मागं ओढलं.

उन्हाचं लिहीत नाही. आमचं शेड बरं म्हणायचं.

बारा दिवसांत एकोणीस दुकानं फिरलो. हळदपेठ साहेब बोलले ते शब्दाला शब्द खरं. रॅकवर इराणी, अफगाणी, तुर्की, सगळा माल मांडलेला. मी आपला हिरवा बेदाणा घेऊन गेलेलो, आपल्याकडं हिरवा म्हणजे राजा. एका मलयाळी दुकानदारानं मूठभर हातात घेतला, उजेडात धरला आणि विचारलं, रंग घातलाय का? जीव खाली-वर झाला. त्याच्या गिऱ्हाइकाला पायसमला पिवळा लागतो. मी पिवळा नेलेलाच नव्हता. दोन गल्ल्या पुढं एक गुजराती काका भेटले, त्यांनी हिरवा बघितला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं. म्हणजे माल तोच, गल्ली वेगळी. एवढं कळायला गाळा घ्यायची गरज नव्हती.

गाळेही बघितले. कराडी देरा दादांनी एक पूर्ण दिवस दिला, त्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. त्यांनी ते ओढ्याचं चित्र मला परत काढून दाखवलं.

सध्या असं आहे: आयईसी काढलाय, अपेडा झालं. गुजराती काकांकडं आयातीचं लायसन्स आहे. त्यांना दोनशे ग्रॅमची पाकिटं पाहिजेत, अरबी लेबल कराडी दादा छापून देणार. मावसभावाला अजून गाळाच पाहिजे, थोडा रुसलाय. त्याला म्हटलं, तीन हंगाम जाऊ दे, चालला माल तर शंभर टक्के आपल्या नावानं, फॉर्म एफसी भरून, राजरोस काढू. अण्णा काही बोलले नाहीत. पण परवा शेडमध्ये पाकिटाचा नमुना उलटा धरून अरबी वाचायचा प्रयत्न करताना दिसले.

एकच अडचण राहिलीय. काका म्हणतात पहिल्या खेपेचे पैसे साठ दिवसांनी. ॲडव्हान्स मागितला तर म्हणाले, विश्वास ठेव, मी तुला पुढच्या तारखेचा चेक देतो.

मूस_आणि_भट्टी

चेकवर नाव कुणाचं आहे? काकांचं का कंपनीचं? आणि कंपनीच्या लायसन्सवर कुणाचं? बघून सांगा, माल भरायच्या आधी.